१९६७ सालचा टाटा-मर्सिडीज ट्रक: जुना रंग आणि गंज कसा काढावा, आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून काय करावे?

रत्नागिरीकर:

नमस्कार. आमच्या आजोबांनी घेतलेला १९६७ सालचा टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक गेली बरीच वर्षे घरामागच्या मांडवात उभा होता. तो मोडीत न घालता पुन्हा रस्त्यावर आणायचा, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून मेस्त्रींकडे दिले आहेत, त्यामुळे त्यांविषयी मला काही विचारायचे नाही. माझा प्रश्न केवळ चासीचा आणि पत्र्याचा आहे.

या ट्रकने एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या मुंबईला नेल्या आणि उरलेल्या हंगामात मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी वाहिली. बर्फ वितळला की मासळीचे खारट पाणी हौद्याच्या फळ्यांमधून थेट चासीवर ठिबकत असे. आता हौदा उतरवला, तेव्हा मागच्या अॅक्सलच्या वर, जिथे हौद्याचे लाकडी वासे चासीच्या पट्ट्यांवर टेकतात, तिथे गंजाचे थर एकावर एक चढलेले दिसले. हातोडीचा हलका टोला मारला की खपल्या सुटतात. त्यांतली एक खपली मी मोजली, ती जवळजवळ ५ मिलिमीटर जाड भरली. तिच्या खालचे लोखंड मात्र अजून खणखणीत वाजते. पुढच्या अर्ध्या भागात तेल आणि धूळ यांचा काळा लेप बसला आहे आणि तो खरवडल्यावर खाली बऱ्यापैकी शाबूत रंग मिळतो.

केबिन कारखान्याची नाही. त्या काळी बहुतेक ट्रक चासी आणि काउल (बोनेट-डॅशबोर्डपर्यंतचा पुढचा भाग) एवढ्यावरच येत आणि केबिन इथले कारागीर लाकडी सांगाडा करून त्यावर पत्रा ठोकून बांधत, तशीच ही आहे. दरवाजावर चाकूने खरवडले, तर वर तपकिरी, त्याखाली हिरवा आणि अगदी तळाशी शेंदरी असे तीन थर दिसतात.

दोन कारागिरांचे दोन सल्ले मिळाले आहेत. एक म्हणतो की केबिनसकट सगळे वाळूच्या फवाऱ्याने दोन दिवसांत उघडे करून देतो. दुसरा म्हणतो की आम्लाने पुसून वर रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल प्रायमर) मारले की काम झाले. दुसरा प्रकार मी गेल्या वर्षी पुढच्या बंपरवर स्वतः करून पाहिला: फरशी धुण्याचे आम्ल लावले, गंज विरघळला, पाण्याने धुतले, दुसऱ्या दिवशी रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. एका पावसाळ्यात त्यावर मसुरीएवढे फोड आले आणि फोड फोडला की आत ओला गंज होता. त्यामुळे आता पुढे जायला धीर होत नाही. आजोबांच्या हातची ही एकच मोठी वस्तू आमच्याकडे उरली आहे आणि घाईने ती बिघडवायची नाही. कोणती पद्धत कुठे वापरावी आणि त्यानंतर कोणते लेप कोणत्या क्रमाने द्यावेत, हे कृपया सविस्तर सांगावे.

पत्रेकाम:

रत्नागिरीकर, आपण विचारूनच पुढे जायचे ठरवलेत, हे फार चांगले झाले. माझी सगळी नोकरी बस आणि ट्रकच्या बॉडीच्या कामात गेली, त्या अनुभवावर लिहितो.

पहिले काम फवाऱ्याचे नाही, कागद-पेन्सिलीचे आहे. चासी नंबर उजव्या-डाव्या ज्या पट्टीवर ठोकलेला असेल, तो भाग रॉकेलच्या बोळ्याने हलकेच स्वच्छ करा, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने त्याची छाप घ्या, फोटो काढा आणि मग त्या जागेवर जाड रबरी पट्टी घट्ट चिकटवून टाका. ही पट्टी शेवटचा प्रायमर लागेपर्यंत सुटता कामा नये. गंजाने आधीच झिजलेले आकडे ग्राइंडरच्या एका फेरीत किंवा फवाऱ्याच्या अर्ध्या मिनिटात नाहीसे होतात आणि मग आरटीओसमोर गाडी आपलीच आहे हे सिद्ध करणे फार अवघड होते. तो भाग शेवटी हाताने, मऊ तारेच्या ब्रशने साफ करावा.

आता फवाऱ्याविषयी. चासी, चाकांच्या रिमा, बंपर, हौद्याचे लोखंडी कोन, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर अशा जाड लोखंडासाठी फवाऱ्याइतकी चांगली पद्धत दुसरी नाही, कारण गंजाने पाडलेल्या खड्ड्यांच्या तळापर्यंत ब्रश पोहोचत नाही आणि फवारा पोहोचतो. परंतु केबिनचा पत्रा त्याच्या हाती देऊ नका. कारागीर म्हणतात की पत्रा तापून वाकतो, पण खरे कारण उष्णता हे कमी आणि मार हे जास्त आहे: हजारो कण एकाच बाजूने आदळतात, ती बाजू ठोकल्यासारखी पसरते आणि सपाट दरवाजा पोळीसारखा फुगतो. असा फुगलेला दरवाजा पुन्हा सरळ करणे हे डेंटिंगच्या कामातले सर्वांत कठीण काम आहे आणि शेवटी तो लांबीच्या, म्हणजे पुटीच्या, जाड थराखाली झाकला जातो.

दुसरी गोष्ट मी हात जोडून सांगतो. कारागीर नदीची किंवा समुद्राची वाळू वापरणार असेल, तर त्याला थांबवा. वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि त्यावर उपाय नाही. समुद्राच्या वाळूत तर मीठही असते, म्हणजे जे काढायचे तेच आपण लोखंडात मारून बसवतो. गार्नेट (एक कठीण खनिज) किंवा कॉपर स्लॅग (तांबे गाळताना उरणारा कचरा) वापरणारा माणूस शोधावा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालेल. त्याच्याशी बोलताना 'एसए अडीच' दर्जाची सफाई हवी, असे स्पष्ट सांगावे. हा दर्जा ठरलेला असतो आणि त्यात लोखंड जवळजवळ पांढुरके दिसते, कुठे कुठे केवळ पुसटशा छटा राहतात.

फवाऱ्याआधी अॅक्सल, स्टिअरिंग बॉक्स आणि ब्रेकच्या नळ्या उतरवणे उत्तम. अॅक्सल उतरवणे शक्य नसेल, तर त्याचा ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचे तोंड) बुच मारून बंद करा, हब आणि ड्रम गुंडाळा. बारीक कण बेअरिंगमध्ये गेला, तर तो नंतर मैलोन् मैल आपले काम करत राहतो. आणि फवाऱ्याआधी तेलाचा लेप पूर्ण काढा. तेलावर फवारा मारला, तर तेच तेल कणांबरोबर स्वच्छ भागावर पसरते. रॉकेल, मग साबणाचे गरम पाणी, मग साधे पाणी, या क्रमाने धुवावे.

पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने साफ करा, आम्लात टाकू नका. ताणाखाली काम करणाऱ्या कडक पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरतो आणि पाटा ठिसूळ होऊन पुढे अचानक तुटू शकतो. साफ झालेल्या पाट्यांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीस भरून बांधावे.

चासीचे जोड रिव्हेटचे आहेत, हे लक्षात ठेवा. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर बसवलेल्या आहेत, तिथे आतल्या आत गंज धरतो, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो पट्ट्यांना एकमेकींपासून ढकलतो. जोडाच्या कडेला लोखंडी फूटपट्टी लावून पाहा. दोन रिव्हेटांच्या मधला भाग फुगलेला दिसला, तर बाहेरून कितीही रंग दिला तरी उपयोग नाही. त्या जोडाचे रिव्हेट काढून, दोन्ही बाजू साफ करून, प्रायमर देऊन पुन्हा जोडावे लागेल. रिव्हेटऐवजी बोल्ट वापरायचे असतील, तर भोक रीमरने अचूक करून त्यात घट्ट बसणारे उच्च ताकदीचे बोल्ट घाला. सैल भोकात बसवलेला बोल्ट भार पडला की हलतो आणि भोक मोठे करत जातो. पट्टीच्या वरच्या किंवा खालच्या ओठावर (आडव्या वळवलेल्या कडेवर) वेल्डिंग करू नका आणि तिथे नवे भोकही पाडू नका, कारण वाकण्याचा सगळा ताण त्या ओठांवर येतो.

केबिनचा पत्रा लाकडावरून सुटा केल्याशिवाय हे काम पूर्ण होणार नाही. खिळे काढताना पत्रा फाटतो म्हणून लोक टाळतात आणि केवळ बाहेरून रंगवतात, परंतु अशा केबिन आतूनच सडतात: लाकूड पाणी धरून ठेवते आणि त्याला टेकलेली पत्र्याची बाजू कधीच वाळत नाही. खिळ्याचे डोके बारीक ड्रिलने उडवा, पत्रा सरळ सुटतो. बाहेरचा रंग रंग काढण्याच्या लेपाने, म्हणजे पेंट रिमूव्हरने, उतरवावा. तो उघड्या हवेत, हातमोजे घालून वापरा, बंद खोलीत त्याच्या वाफा जिवावर बेतू शकतात. रंग सुटल्यावर पत्रा थिनरने दोनदा पुसा, कारण या लेपातील मेण पत्र्यावर राहते आणि त्यावर प्रायमर धरत नाही.

तळाच्या शेंदरी थराविषयी सावध राहा. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड आणि त्या काळच्या प्रायमरमध्ये तो सर्रास असे. तो थर कोरडा घासू नका, जाळून काढू नका. ओला ठेवून खरवडा, खाली ताडपत्री अंथरा, खपल्या गोळा करून वेगळ्या ठेवा. घरात लहान मुले असतील आणि परसात कोंबड्या फिरत असतील, तर हे काम वाड्यापासून दूर करावे.

रंगरसायन:

वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. मी औद्योगिक लेपांच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे बंपरवरच्या फोडांपासून सुरुवात करतो, कारण त्या फोडांतच आपल्या चासीचा मुख्य धोका दिसतो.

फरशीचे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. गंज विरघळवताना ते लोखंडाचे क्लोराइड तयार करते आणि ते खड्ड्यांत, जोडांत, कडांच्या घडीत शिरून बसते. साध्या धुण्याने ते पूर्ण निघत नाही. त्यावर रंग लावला की रंगाचा पडदा पाण्याची वाफ थोडी थोडी आत जाऊ देतो, मीठ ते पाणी ओढून धरते आणि पडद्याखाली द्रावणाचा थेंब तयार होतो. फोड म्हणतात तो हाच. शिवाय गंज तयार होताना क्लोराइड संपून जात नाही, तेच पुन्हा पुन्हा वापरले जाते, त्यामुळे थोडेसे मीठसुद्धा वर्षानुवर्षे लोखंड खात राहते. आपल्या ट्रकच्या चासीवर मासळीच्या पाण्याने नेमके हेच क्लोराइड अनेक वर्षे घातले आहे. म्हणून मागच्या भागात फवारा मारून लोखंड चकचकीत दिसले, तरी ते स्वच्छ झाले असे समजू नका.

तपासण्याची सोपी रीत अशी. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणा. स्वच्छ कापसाचा बोळा त्यात भिजवून चासीच्या सर्वांत खड्डे पडलेल्या हातभर भागावर नीट फिरवा आणि काचेच्या स्वच्छ नळीत पिळा. दुसऱ्या नळीत तेच पाणी, पण कोऱ्या बोळ्यातून पिळलेले, घ्या. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात ते मिळते. ते हाताला लावून घेऊ नका, काळे डाग पडतात. कोऱ्या नळीत पाणी स्वच्छ राहील. चासीच्या नळीत ताकासारखा पांढुरका ढग आला, तर मीठ आहे.

मीठ असेल, तर गोड्या पाण्याच्या दाबाच्या फवाऱ्याने धुवावे, सुकू द्यावे आणि पुन्हा गार्नेटचा कोरडा फवारा मारावा. धुतल्यावर खड्ड्यांमधून काळपट डाग पुन्हा उमटतील. घाबरू नका, आत दडलेले मीठ वर येते आहे, एवढाच त्याचा अर्थ. तपासणीत ढग येणे थांबेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. खाडीजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असते, ते यासाठी वापरू नये.

शेवटच्या फवाऱ्यानंतर कोकणच्या हवेत उघडे लोखंड काही तासांत पिवळे पडते, म्हणून त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत, पहिला लेप लागला पाहिजे. लेप लावताना लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो, आणि रात्रभर गार झालेली चासी सकाळी त्याहून थंड असू शकते. डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा थर तिच्यावर असतो. म्हणून सकाळी लवकर प्रायमर मारू नका, ऊन चढल्यावर मारा, आणि हे संपूर्ण काम डिसेंबर ते मार्च या काळातच करा.

लेपांच्या बाबतीत माझे मत असे आहे. फवाऱ्याने उघड्या केलेल्या चासीवर प्रथम जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर द्यावा. त्यातील जस्ताची पूड लोखंडाऐवजी स्वतः झिजते, पण त्यासाठी तिचा लोखंडाशी थेट संपर्क हवा. म्हणून जिथे फवारा पोहोचला नाही आणि केवळ ब्रशने साफ केले आहे, तिथे हा प्रायमर वाया जातो. अशा जागी हाताने साफ केलेल्या पृष्ठभागासाठीच बनवलेला इपॉक्सी मॅस्टिक वापरावा. पत्र्यासाठी झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर पुरेसा आहे. रेड ऑक्साइड वाईट नाही, परंतु तो पातळ, सच्छिद्र लेप आहे. तो एकटा पाणी अडवू शकत नाही आणि वरचा रंग न देता ठेवला, तर पावसाळा सोसत नाही.

फवाऱ्याने रंग देण्यापूर्वी सर्व कडा, रिव्हेटांची डोकी, बोल्टांच्या भोवतालची जागा आणि भोकांच्या कडा ब्रशने एकदा रंगवून घ्याव्यात. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे त्याची जाडी सपाट भागाच्या निम्मीसुद्धा राहत नाही. पुढे गंज तिथूनच सुरू होतो. या एका कामाला अर्धा दिवस लागतो, पण माझ्या मते संपूर्ण रंगकामातला सर्वांत उपयोगी अर्धा दिवस तोच.

दोन डब्यांचे इपॉक्सी मिसळल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ ते तसेच ठेवावे आणि मगच वापरावे. अंदाजाने हार्डनर जास्त घातल्याने रंग अधिक पक्का होत नाही, उलट ठिसूळ होतो. वरचा रंग दोन डब्यांच्या पॉलियुरेथेनचा देणार असाल, तर त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासात जाऊ नये म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा. धुळीसाठीचा साधा मास्क इथे काहीच कामाचा नाही. ती सोय नसेल, तर ब्रशने इनॅमल मारावे. त्या काळच्या ट्रकला ते शोभूनही दिसते.

करवीरकर:

बिजागऱ्या, कड्या, हुक, बोनेटचे खटके अशा लहान सुट्या भागांसाठी एक सौम्य पद्धत सांगतो. आमच्याकडे गुऱ्हाळांमुळे काकवी सहज मिळते. एक भाग काकवी किंवा मळी आणि नऊ भाग पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात मिसळून त्यात तेल काढलेले भाग दहा ते पंधरा दिवस बुडवून ठेवायचे. त्यातील घटक गंजाला धरून विरघळवतात, चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाहीत. मी एका जुन्या बिजागरीची पिन, जी हातोडीने हलत नव्हती, बाराव्या दिवशी बोटांनी फिरवली आहे. वास मात्र येतो आणि माश्या फार होतात, त्यामुळे पिंपाला झाकण हवेच. अॅल्युमिनियमचे किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे भाग यात टाकू नका, ते खाल्ले जातात. बाहेर काढल्यावर दाबाच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या.

काही जण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढतात. तीही पद्धत चांगली आहे: भाग ऋण टोकाला, जुन्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठही वापरू नका, क्लोरीन वायू निघतो. हायड्रोजन निघत असल्यामुळे जवळ विडी-काडी नको.

ओंटारिओहून:

मी गेली अनेक वर्षे कॅनडात राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे आपल्या मासळीच्या ट्रकचे दुखणे इथल्या प्रत्येक गाडीला आहे. इथल्या जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडून एक गोष्ट शिकलो: डांबरासारखा जाड, कडक लेप खालून मारू नका. तो काही वर्षांनी तडकतो, तडीतून पाणी आत जाते आणि लेप ते पाणी झाकून ठेवतो. बाहेरून सगळे काळे, सुबक दिसते आणि आत लोखंड नाहीसे होत असते. त्यापेक्षा चांगल्या रंगावर दर वर्षी पावसाळ्याआधी मेणाचा किंवा लॅनोलिनचा पातळ फवारा द्यावा, जो ओलसर राहतो आणि खरचटले तरी पुन्हा पसरतो. दरवाजांच्या तळाशी पाणी जाण्याची भोके असतात, ती रंगाने किंवा लांबीने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासावे. आपल्याकडे गॅरेजमध्ये जळके इंजिन ऑइल मारतात. ते टाळावे, कारण त्याने रबरी बुश फुगतात आणि ते गळून परसातल्या मातीत मुरते.

रत्नागिरीकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नंबरची छाप घेतली, चासी गार्नेटने साफ करून घेतली आणि सिल्व्हर नायट्रेटची तपासणी मी स्वतः केली. पुढच्या क्रॉस मेंबरवरचे (चासीच्या आडव्या पट्टीवरचे) पाणी स्वच्छ राहिले. मागच्या अॅक्सलवरचे पाणी दोन थेंबांतच दुधासारखे झाले आणि ते पाहून भाऊ आणि मी बराच वेळ काही बोललो नाही, कारण डोळ्यांना तो भाग पुढच्याइतकाच स्वच्छ दिसत होता. पहिल्या धुण्यानंतर ढग आला, दुसऱ्या धुण्यानंतर पुसटसा आला, तिसऱ्यानंतर आला नाही. त्या दिवशी दुपारी दोन वाजता कडा रंगवून संध्याकाळपर्यंत जस्ताचा पहिला हात पूर्ण केला. मागच्या बाजूचा एक जोड फुगलेला निघाला, त्याचे सहा रिव्हेट काढले आहेत. आता एकच शंका उरली आहे: हौद्याचे लाकडी वासे पुन्हा त्याच पट्ट्यांवर टेकणार आहेत, तिथे मध्ये काय घालावे?

पत्रेकाम:

गोणपाट घालू नका, ते पाणी शोषून धरते. कापडाचे थर असलेला जुना कन्व्हेअर बेल्टही नको, त्याच्या कापलेल्या कडेतून पाणी आत चढते. निव्वळ रबराची ८ ते १० मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या आणि ती सलग न घालता हातभर लांबीचे तुकडे करून, दोन तुकड्यांमध्ये चार बोटे जागा सोडून बसवा, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर पडेल आणि वारा खेळेल. वाशांची खालची बाजू आणि दोन्ही टोके अळशीच्या कढवलेल्या तेलाने तीन वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन, भिजवा. यू-बोल्ट आवळताना ते पट्टीच्या कडेवरचा रंग कापतात, म्हणून तिथे पत्र्याचा वाकवलेला तुकडा आणि त्याखाली रबर ठेवा, आणि आवळून झाल्यावर त्या प्रत्येक कडेला ब्रशने पुन्हा एक हात द्या.